जुन्या पीसीवर विंडोज ११, फॉरमॅट न मारता

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पुण्यात पेठांमधल्या डीटीपीच्या दुकानांत आणि टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसांत सहाव्या-सातव्या जनरेशनचे आय-३, आय-५ अजून ठणठणीत चालतात, पण विंडोज ११ त्यांना दारातूनच परत पाठवतं. त्यासाठी अख्खं मशीन बदलायची गरज बहुतेक वेळा नसते.

मायक्रोसॉफ्टच्या अटींमध्ये दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला फरक कळला की निम्मं काम झालं. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि चालणाऱ्या प्रोसेसरची यादी या अटी फक्त सेटअप, म्हणजे विंडोज बसवणारा प्रोग्रॅम, तपासतो. त्या ओलांडता येतात. प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असणं मात्र विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून खरोखरच लागतं. त्या नसतील तर विंडोज सुरूच होत नाही, आणि त्यावर कोणताही जुगाड चालत नाही. कोअर टू ड्युओ हा इंटेलचा जुना प्रोसेसर इथेच बाद. सीपीयू-झेड हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ‘इन्स्ट्रक्शन्स’च्या ओळीत एसएसई ४.२ दिसतंय का ते पाहा. आमचं मत विचाराल तर चौथ्या जनरेशनच्या खालच्या मशीनच्या नादी लागू नका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका.

टीपीएम नाही म्हणून हताश होण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरून पाहा. इंटेलच्या बोर्डावर तो ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावानं बंद करून ठेवलेला असतो. सापडला तर चालू करा. विंडोज ११वर व्हॅलोरंट हा गेम खेळणाऱ्यांना तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतातच, त्यांच्यासाठी अटी ओलांडायची पळवाट उपयोगाची नाही.

सी ड्राइव्ह अजून हार्ड डिस्कवर असेल तर आधी २५६ जीबीची साटा एसएसडी बसवून त्यावर सी ड्राइव्हची हुबेहूब नक्कल (क्लोन) करा, आणि रॅम ८ जीबी करा. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या: सहाव्या जनरेशनच्या काही बोर्डांवर डीडीआर ३एल लागते, काहींवर डीडीआर ४, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

आता तयारी. सी ड्राइव्हवर किमान ३० जीबी जागा मोकळी हवी. कामाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून तो सस्पेंड करा, नाहीतर बायोसमधल्या बदलानंतर मशीन की मागत बसेल. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर गुरुवार टाळा. महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात, आणि अपग्रेडच्या मध्येच वीज गेली तर मशीन अर्धवट अडकू शकतं.

डीटीपीवाल्यांनी इथे जास्त सांभाळायचं. ‘सिस्टिम’मधल्या ‘अबाउट’मध्ये तुमचं विंडोज ३२ बिट दिसत असेल तर वरच्यावर अपग्रेड होणार नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. विंडोज ११ कोरंच टाकावं लागेल. त्याआधी विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले श्री-लिपी आणि आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट वेगळे कॉपी करून ठेवा. ते कॉपी करायचे राहून गेले तर जुन्या लग्नपत्रिकेच्या फाइलीत मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या यूएसबी किल्लीचा) आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ६४ बिट ड्रायव्हर हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

विंडोज ११ची आयएसओ (बसवण्यासाठीची पूर्ण फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच उतरवा. भाषा निवडताना घाई नको. तुमचं विंडोज १० ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ असेल आणि आयएसओ ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ घेतली, तर फाइली आणि प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्यायच मिळत नाही. अपग्रेड फसण्याचं हे नेहमीचं कारण.

१६ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, रूफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती उघडा आणि आयएसओ निवडा. ‘स्टार्ट’ दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमची अट काढून टाकणाऱ्या पर्यायावर खूण करा. पेनड्राइव्ह तयार झाला की त्यावरून बूट करायचं नाही. चालू विंडोज १०मध्येच तो उघडून सेटअपवर डबल क्लिक करा. अपडेट उतरवण्याबद्दल विचारेल तेव्हा ‘नॉट राइट नाउ’ निवडा, आणि शेवटच्या पानावर फाइली आणि प्रोग्रॅम दोन्ही राहणार आहेत याची खात्री करूनच ‘इन्स्टॉल’ दाबा. एसएसडीवर तास-दीड तास धरा. मशीन मध्ये तीन-चारदा रीस्टार्ट होईल, हात लावू नका. विंडोज १० नीट ॲक्टिव्हेट असेल तर नवी की लागत नाही, त्यामुळे कोणी स्वस्तात की विकत असेल तर घेऊ नका.

सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही, असा संदेश आला तर १०० एमबीचं छोटं पार्टिशन भरलेलं असतं. डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीच्या पार्टिशनची) असेल तर ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल वाय कोलन स्लॅश एस’ (mountvol y: /s) देऊन ते वाय ड्राइव्ह म्हणून उघडा, ‘ईएफआय’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘बूट’, ‘फॉन्ट्स’ असं आत जा आणि तिथल्या फॉन्ट फाइली पुसा. त्या फक्त बूटच्या पडद्यासाठी असतात, तुमच्या मराठी फॉन्टशी त्यांचा संबंध नाही. बाकी कशाला हात लावू नका.

विंडोज ११ उघडल्यावर पहिल्या दिवशीच प्रिंटर, स्कॅनर, डोंगल आणि टोकन चालवून बघा. एखादा जुना ड्रायव्हर अडला तर ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘कोअर आयसोलेशन’ पाहा. तिथलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ जुने ड्रायव्हर रोखतं. ते बंद करण्याआधी कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधा. काहीच जमलं नाही तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’मधून विंडोज १०वर परत जाता येतं, पण त्याला मुदत १० दिवसांची. डिस्क क्लीनअपमध्ये ‘आधीचं विंडोज’ पुसलंत तर परत जायची सोयही गेली.

अशा मशीनवर अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. महिन्याचे सिक्युरिटी अपडेट एरवी येतात, वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही. तिच्यासाठी नवी आयएसओ घेऊन हाच पेनड्राइव्ह पुन्हा तयार करायचा आणि विंडोज ११च्या आतून सेटअप चालवायचा.