वॉटर स्कीवरून वेक ओलांडताना

बोटीच्या बरोबर मागे, फेसाळ पाण्याच्या पट्ट्यात, दोर धरून पायांतल्या स्कींवर, म्हणजे लांब फळ्यांवर, न पडता पाच-सात मिनिटे उभे राहता येऊ लागले की वेक ओलांडायला शिकावे. वेक म्हणजे बोटीमागे डावीउजवीकडे फाकत जाणाऱ्या दोन लाटा.

कोकणात हा सराव उघड्या समुद्रापेक्षा खाडीत केलेला बरा. तारकर्ली-देवबागच्या बाजूला कर्लीच्या पात्रात सकाळी खारा वारा सुटण्याआधी पाणी संथ असते. त्यातही अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, प्रवाहाची ओढ कमी लागते. पाणी पुरेसे खोल आहे ना आणि जवळपास जाळी लावलेली नाहीत ना, हे बोटवाल्याला आधीच विचारावे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर चिकटलेली कालवे, म्हणजे धारदार शिंपले, पाय कापतात.

दोर साधारण 23 मीटरचा आणि बोटीचा वेग ताशी 30 ते 35 किलोमीटर असावा. उजवीकडे जायचे तर डाव्या पायावर भार देऊन दोन्ही स्की उजव्या कडेवर झुकवाव्यात. हात सरळ, गुडघे वाकलेले आणि दोन स्कींमध्ये वीतभरच अंतर. खरी चूक होते ती लाटेच्या माथ्यावर. तिथे मन कचरते, स्की सपाट होतात, एक लाटेपलीकडे जाते, दुसरी अलीकडेच राहते आणि पाय फाकतात. मी पहिल्यांदा असाच आपटलो, आणि नाकात शिरलेले खारे पाणी संध्याकाळपर्यंत घशात चरचरत होते. म्हणून लाटेला चाटून जाऊ नये. तिरका पण ठाम रोख धरावा, चढाचा धक्का गुडघ्यांत जिरवावा आणि पलीकडच्या गुळगुळीत पाण्यावर पूर्ण पोहोचेपर्यंत झुकाव सोडू नये. परतताना दोर सैल पडू देऊ नये. सैल दोर पुन्हा ताणला जातो तेव्हा बसणारा हिसका खांद्याला चांगलाच जाणवतो.

हे दहा-बारा वेळा सहज जमल्यावरच उडीचा विचार करावा. वेकच्या बाहेर तीन-चार मीटर जाऊन वळावे आणि लाटेकडे येताना झुकाव हळूहळू वाढवत न्यावा, कारण माथ्यावर पोहोचेपर्यंत दोर जितका ताणलेला राहील तितकी उडी चांगली होते. माथ्यावर वाकलेले गुडघे एकदम सरळ करावेत; हातांनी दोर ओढून वर उडता येत नाही, उलट तोल जातो. हँडल कमरेशी आणि नजर किनाऱ्यावरच्या माडांच्या शेंड्यांवर ठेवावी. पायांकडे पाहिले की माणूस पुढे कोसळतो. सुरुवातीला एकच लाट ओलांडून मधल्या फेसात, गुडघे वाकवून, दोन्ही स्की एकाच वेळी टेकवाव्यात. दोन्ही लाटा एका उडीत पार करण्याची घाई पहिल्या हंगामात करू नये.

लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरू नये, आणि बोटीत चालकाखेरीज मागे लक्ष ठेवणारा दुसरा माणूस हवाच. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, एवढ्या खुणा निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. तोल गेला की हँडल लगेच सोडावे आणि पाण्यावर आल्याबरोबर हात उंच करून आपण ठीक असल्याचे दाखवावे.