दुबईचा फ्लॅट: सही करण्याआधी करारात काय बदलून घ्यायचं

मी दुबईत एकोणीस वर्षं अकाउंट्सचं काम करतेय. वकील नाही. पण इथल्या करामा भागातल्या आमच्या मराठी मंडळींत कुणी फ्लॅट बुक केला की कराराची पीडीएफ आधी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते. गेल्या वर्षी पुण्याहून धाकट्या दिरांनी पाठवली. "वहिनी, जरा नजर टाका ना, परवा सही करायचीय." पानं ६२. आणि किमतीचे २० टक्के भाऊजी आधीच भरून बसले होते, एका हॉटेलातल्या प्रॉपर्टी प्रदर्शनात.

सगळं घोडं इथेच अडतं. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्यामुळे बिल्डरला १० टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायची तर आधी लेखी करार करून तो नोंदवावा लागतो. तीच सवय डोक्यात ठेवून माणूस दुबईचा फ्लॅट घेतो. इथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बुकिंग फॉर्मवर सही, लगेच मोठी रक्कम भरणं, आणि मग करार, असा क्रम सर्रास दिसतो. भाऊजींच्या फॉर्मवर तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की विक्रेत्याचा नमुना करार खरेदीदाराला मान्य आहे. जो करार त्यांनी पाहिलेलाच नव्हता!

म्हणून पैसे भरण्याआधी कोरा करार मागा. एजंट म्हणेल, "सर, स्टँडर्ड आहे." मग पाठवायला काय हरकत आहे, असं विचारा. तरीही टोकन द्यायचंच असेल तर फॉर्मवरच लिहून घ्या की करार वाचून पटला नाही तर १४ दिवसांत पूर्ण रक्कम परत मिळेल, आणि त्याखाली त्यांची सही घ्या.

करार हातात आला की पहिल्या पानापासून वाचू नका. तपशिलाचा तक्ता काढा: नाव, युनिट नंबर, क्षेत्रफळ, किंमत, हप्ते, ताब्याची तारीख, एस्क्रो खात्याचा नंबर (खरेदीदारांचे पैसे फक्त त्या प्रकल्पासाठी राखून ठेवणारं बँक खातं). पासपोर्ट शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवा. आपल्या नावात मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते पासपोर्टवर एका पद्धतीने आणि पॅनवर दुसऱ्या पद्धतीने छापलेलं सापडतं. करारात पासपोर्टप्रमाणेच हवं. भाऊजींच्या करारात मधलं नाव गायब होतं आणि जाऊबाईंचं तर अख्खं नावच नव्हतं, जरी फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यायचा ठरलं होतं. एस्क्रो खातं हे २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने सक्तीचं आहे. दुबई सरकारच्या भूमी विभागाच्या दुबई रेस्ट अ‍ॅपवर प्रकल्प शोधा, नोंदणी बघा, आणि हप्त्याचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जातायत ना हे ताडून पाहा. एजंटच्या खात्यात एक दिरहमही नाही.

आता कलमं. माझा लाल पेन सगळ्यात जास्त चालतो तो उशिराच्या कलमावर. तक्त्यात ताब्याची तारीख ठसठशीत असते, पण तिच्या आधी "अपेक्षित" हा शब्द असतो. मग वीसेक पानं पुढे गेल्यावर कळतं की डेव्हलपर ती तारीख स्वतःच्या मर्जीने १२ महिने पुढे ढकलू शकतो, आणि त्यावर दैवी आपत्ती वगैरे वेगळी. त्या १२ महिन्यांत तुम्हाला नुकसानभरपाई नाही, करार मोडायचा हक्क नाही. उलट तुमचा हप्ता पंधरा दिवस चुकला तर दंड सुरू. इथे मागायचं ते असं: मुदतवाढ सहा महिन्यांची, तीही लेखी कळवून, त्यानंतर खरेदीदाराला करार रद्द करून ६० दिवसांत सगळे पैसे परत घेता यावेत.

दुसरं कलम, हप्ते थकले तर काय. दुबईत २००८ चा १३ क्रमांकाचा कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी याच्या पायऱ्या ठरवल्यात. भूमी विभागामार्फत ३० दिवसांची नोटीस, मग बांधकाम किती झालंय त्यावर डेव्हलपर किती कापून घेऊ शकतो ते ठरतं: सुरू झालंय पण ६० टक्क्यांपेक्षा कमी झालं असेल तर किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत, त्याहून पुढे गेलं असेल तर ४० टक्क्यांपर्यंत. लोक चुकतात ते "किमतीच्या" या शब्दावर. भाऊजींचा फ्लॅट १२ लाख दिरहमचा. २५ टक्के म्हणजे ३ लाख. त्यांनी भरलेले २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. पुढचे हप्ते थांबवायचं ठरवलं असतं तर हे सगळे बुडाले असते. करारात सरसकट ४० टक्के लिहिलं असेल तर कायद्याचा आकडा दाखवून ते बदलून मागा.

तिसरं, "हाच संपूर्ण करार" असं सांगणारं छोटं कलम. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं सगळं या एका वाक्याने पुसलं जातं. भाऊजींना सांगितलं होतं की भूमी विभागाची ४ टक्के फी डेव्हलपर भरणार. म्हणजे ४८ हजार दिरहम! करारात मात्र ती खरेदीदाराच्या माथी होती.

बाकीचं भराभर. क्षेत्रफळात बाल्कनी धरलीय का, ते बघा. ५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर भरपाई मिळते, तो हक्क कराराने काढून घेतलेला नको. बांधकामाच्या मूळ सांगाड्याची दहा वर्षं आणि नळ-वीज-एसीची एक वर्ष जबाबदारी २०१९ च्या ६ क्रमांकाच्या कायद्याने डेव्हलपरवर आहे. शेवटचा हप्ता देण्याआधी फ्लॅट तपासायला मिळेल, हे लिहून घ्या. मेंटेनन्सचा खर्च किल्ली मिळाल्या दिवसापासून की ताब्याची नोटीस निघाल्या दिवसापासून, हेही पाहा. आणि इथल्या कोर्टाची भाषा अरबी आहे; करार दोन भाषांत असेल तर अरबी मजकूर वकिलाकडून वाचून घ्या.

भारतात राहणाऱ्यांसाठी हप्त्यांचा तक्ता आणखी एका कारणाने महत्त्वाचा. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, म्हणजे साधारण ९ लाख १८ हजार दिरहम. १० लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्नमध्ये तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. मार्च-एप्रिलच्या सीमेवर कुठला हप्ता पडतो ते बघून तारखा मागा. ताब्यानंतर वर्षानुवर्षं हप्ते देण्याची योजना फार गोड वाटते. तिच्यावर सही करण्याआधी सीएला फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याबद्दल विचारा.

बदल कसा मागायचा? छापील करारात खाडाखोड करायला डेव्हलपर सहसा तयार होत नाही. अ‍ॅडेंडम, म्हणजे मूळ कराराला जोडायचा पुरवणी करार, मागा. ईमेलवर, कलमाचा नंबर, आताचा मजकूर, तुमचा मजकूर, अशा तीन रकान्यांत. फोनवर नको. अ‍ॅडेंडममध्ये मूळ कराराची तारीख, युनिट नंबर, आणि दोन्हींत विरोध आला तर अ‍ॅडेंडम खरा मानला जाईल, हे वाक्य हवंच. आमचा पहिला परत आला तेव्हा त्यावर सेल्स मॅनेजरची सही होती. परत पाठवला. सही करण्याचा अधिकार असलेल्याची सही आणि कंपनीचा शिक्का येईपर्यंत नऊ दिवस गेले, तेवढे दिवस भाऊजी मला रोज रात्री फोन करत होते.

आम्ही सात बदल मागितले, तीन मिळाले: दोघांची नावं, ४ टक्के फी, शेवटच्या हप्त्याआधी तपासणी. उशिराच्या कलमाला त्यांनी हातही लावू दिला नाही. बुकिंगच्या आधी ती ६२ पानं वाचली असती तर आम्ही सरळ उठून शेजारच्या स्टॉलवर गेलो असतो. आता २ लाख ४० हजार दिरहम त्यांच्याकडे होते.

ताबा येत्या डिसेंबरात आहे. किंवा, कराराप्रमाणे, त्याच्या पुढच्या डिसेंबरात.