घरातील भिंतींसाठी गडद रंग की फिकट?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडील कौलारू घरांत सोप्यावर लख्ख उजेड असतो, तर माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. म्हणून सगळ्या घराला एकच छटा ठरवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा उजेड स्वतंत्रपणे पाहावा. काही शेडकार्डांवर छटेसोबत प्रकाश परावर्तनाचा ० ते १०० यांमधील आकडा दिलेला असतो. पांढऱ्या रंगाचा तो साधारण ८० च्या वर, तर गडद निळ्याचा बहुधा १० च्या आसपास असतो. माजघर, जिना आणि बोळासाठी जास्त आकड्याच्या छटा निवडाव्यात. दोन बाजूंनी खिडक्या असलेल्या खोलीत मात्र एखादी भिंत गडद केल्यास ती शोभते. चारही भिंती गडद करण्याचा मोह माझ्या मते टाळलेलाच बरा.

बेळगावच्या शहापुरात साडी घेताना आपण ती दुकानाच्या दारात नेऊन उजेडात पाहतो, पण वर्षानुवर्षे पाहायचा रंग मात्र दोन बोटांच्या तुकड्यावरून ठरवतो. त्याऐवजी लहान डबा आणून समोरासमोरच्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे पट्टे रंगवावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि सकाळी, संध्याकाळी व दिव्याखाली पाहावेत. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात राखाडी छटा उबदार वाटते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात तीच निळसर व थंड भासते.

आपल्याकडे खरा प्रश्न ओलीचा आहे. खानापूर भागातील पावसात भिंत पाणी धरते आणि ती वाळताना क्षार बाहेर येऊन पांढरा लोणा फुटतो. तो फिकट रंगावर खपून जातो, गडद रंगावर मात्र लांबूनही दिसतो. म्हणून पावसाळ्यानंतर भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला दव दिसल्यास ओल कुठून येते ते शोधून आधी गळती थांबवावी, कारण ओल्या भिंतीवर कोणताच रंग टिकत नाही.

गडद रंगाखाली लांबी (पुट्टी) अधिक काळजीपूर्वक घासावी लागते आणि एकसारखेपणासाठी बहुधा तिसरा हातही द्यावा लागतो, त्यामुळे मजुरीचा अंदाज आधीच घ्यावा. चकचकीत गडद रंगात भिंतीचे उंचसखलपण उठून दिसते. अशा ठिकाणी मॅट रंग वापरावा. स्वयंपाकघरात मात्र फिकट आणि धुता येण्याजोगा रंगच सोयीचा पडतो.