ड्रम मशीन घ्यायचंय? आधी सिक्वेन्सर बघा, साउंड नंतर

ड्रम मशीन घ्यायचं डोक्यात आलं की आपण सगळे आधी डेमो व्हिडिओ बघत बसतो, आणि ज्याची किक, म्हणजे जाड ढोलाचा ठोका, हेडफोनमध्ये दणकून वाजते ते मशीन मनात फायनल होऊन जातं. इथेच गडबड होते. किकचा आवाज कुठूनही आणता येतो, रोलँडच्या 808 आणि 909 या जुन्या ड्रम मशीनची सॅम्पल्स, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, तर ढिगाने पडलीयेत, कुठल्याही सॅम्पलरमध्ये टाका आणि वाजवा. पण मशीनचा सिक्वेन्सर, म्हणजे बीट भरायची आणि वाजता वाजता ती बदलायची पद्धत, ती काही नंतर बदलून मिळत नाही, आणि हात रोज तिच्याशीच खेळणार असतात. म्हणून माझं सरळ मत आहे, निवडायचा तो सिक्वेन्सर, साउंड त्याच्यासोबत येतो.

त्याच्याही आधी एकदा स्वतःला विचारा की हे मशीन नेमकं कुठे बसणार. सगळं काम कॉम्प्युटरवरच होत असेल, ट्रॅक तिथेच बनतो, तिथेच मिक्स होतो, तर प्लगइनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअर वाद्यात, तोच आवाज मिळतो आणि सेव्ह करायची कटकटही नाही. हार्डवेअरला अर्थ येतो तो स्क्रीन बंद करून वाजवायचं असेल, लाइव्ह सेट करायचा असेल, किंवा माऊसने बीट भरायचा कंटाळा आला असेल तेव्हा. यातलं काहीच नसेल तर थांबा थोडं.

आता सिक्वेन्सर. ढोबळ दोन घराणी आहेत. एक रोलँडवालं, 1980 च्या टीआर-808 पासून ओळखीचं झालेलं, खाली 16 बटणांची रांग, प्रत्येक बटण म्हणजे एक सोळावा भाग, 4/4 चा, म्हणजे चार बीटचा, एक बार डोळ्यासमोर उघडा पडलेला, हवं तिथे दाबा, लाइट लागला की तिथे ठोका. दुसरं पॅडवालं, जे रॉजर लिनने डिझाइन केलेल्या अकाई एमपीसी60 ने 1988 मध्ये रुळवलं, बोटांनी पॅड वाजवायचे आणि मशीन ते रेकॉर्ड करतं. टेक्नो, हाऊस, इलेक्ट्रो करणाऱ्यांना बहुतेक वेळा 16 बटणांचं, म्हणजे स्टेपवालं, लवकर पटतं कारण बीट चालू ठेवून त्यात एकेक गोष्ट टाकत-काढत जाता येतं, आणि ज्यांचा हात टेबलवर आपोआप ठेका धरतो त्यांनी पॅडवालं घ्यावं, त्यांना 16 बटणं म्हणजे फॉर्म भरल्यासारखं वाटेल. मधलेही आहेतच, एलेक्ट्रॉन कंपनीच्या मशीनमध्ये स्टेप बटणंही असतात आणि लाइव्ह रेकॉर्डिंगही होतं.

दुकानात किंवा मित्राकडे मशीन हाताशी आलं तर प्रीसेट पॅटर्न ऐकत बसू नका, ते चांगलेच वाजणार, त्यासाठीच भरलेले असतात. रिकामा पॅटर्न घ्या आणि हे करून बघा. किक 1, 5, 9, 13 वर. क्लॅप, म्हणजे टाळी, 5 आणि 13 वर. ओपन हायहॅट, म्हणजे झांजेचा मोकळा आवाज, 3, 7, 11, 15 वर. क्लोज्ड हॅट, म्हणजे तीच झांज दाबून, उरलेल्या सगळ्या स्टेपवर. इथपर्यंत कुठल्याही मशीनवर मिनिटभराचं काम. आता मशीन न थांबवता फक्त आठव्या स्टेपच्या हॅटचा आवाज हळू करा. मग फक्त तेराव्या स्टेपवर क्लॅपचा डिके, म्हणजे आवाज विरायचा वेळ, लांबवा. मग किक म्यूट करा आणि बरोबर एकवर परत आणा. मग सगळे नॉब फिरवून पॅटर्नचा पार विचका करा आणि एका झटक्यात पहिल्यासारखा आणून दाखवा. हे करताना किती मेन्यूत घुसावं लागलं, किती वेळा दोन बटणं एकत्र धरावी लागली, ते बघा. जिथे हात अडखळला तिथे तो स्टेजवरही अडखळणार. हा शेवटचा परत आणायचा प्रकार एलेक्ट्रॉनवर फार सुंदर जमवलाय, फंक्शन धरून येस दाबलं की पॅटर्न तात्पुरता सेव्ह, फंक्शन धरून नो दाबलं की परत तिथे, त्यामुळे लाइव्हमध्ये बिनधास्त वाट लावता येते.

त्या आठव्या स्टेपच्या हॅटवरून आणखी एक गोष्ट कळते. जुन्या 808 मध्ये ॲक्सेंट, म्हणजे ठोक्यावरचा जोर, सगळ्यांना मिळून एकच होता, स्टेपला ॲक्सेंट दिला की त्या स्टेपवरचं सगळंच जोरात. आजही काही मशीनमध्ये जोर-हळू असे दोनच लेव्हल मिळतात, आणि काहींमध्ये प्रत्येक ठोक्याची व्हेलॉसिटी, म्हणजे तो किती जोरात वाजतो ते, वेगळी ठेवता येते. सरळ ठोकणाऱ्या टेक्नोला दोन लेव्हल पुरतात, पण बीट जरा डुलायला हवी असेल तर नाही पुरत. स्विंग, म्हणजे मधले ठोके थोडे उशिरा टाकणं, तोही तसाच, 50 टक्के म्हणजे सरळ, 66 च्या आसपास गेलं की ट्रिपलेटची, म्हणजे तीन-तीनची, चाल येते, पण विचारायचं हे की स्विंग पूर्ण पॅटर्नलाच लागतो की एकेका ट्रॅकला, म्हणजे एकेका वाद्याच्या ओळीला. आर्टुरियाच्या ड्रमब्रूटमध्ये ट्रॅकनुसार देता येतो, म्हणजे हॅट डुलतोय आणि किक जागच्या जागी, आणि खरं सांगायचं तर एवढ्यानेच अर्धी बीट जिवंत होते. ट्रॅकची लांबी वेगवेगळी ठेवता येते का तेही बघून घ्या, किक 16 स्टेपची आणि पर्कशन 14 ची ठेवली की दोन्ही एकमेकांवरून सरकत राहतात आणि एका बारचा पॅटर्न बराच वेळ शिळा होत नाही.

साउंडबद्दल लोक ॲनालॉग-डिजिटल करत भांडत बसतात. त्यांना एवढंच सांगा की ज्या 909 साठी सगळे जीव टाकतात त्याची किक, स्नेअर ॲनालॉग आहेत पण हायहॅट आणि सिंबल 6 बिटची सॅम्पल्स आहेत, 1983 ची. त्या खरखरीत हॅटवर अख्खं हाऊस आणि टेक्नो उभं राहिलं. तेव्हा लेबल बघू नका, नॉब फिरवल्यावर आवाज कुठपर्यंत जातो ते बघा. ॲनालॉगमध्ये आवाज ठरलेलेच असतात पण ते ताणता येतात, डिके वाढवली की 808 ची किक बेसलाइन होऊन बसते. सॅम्पलवाल्यात काहीही भरता येतं, पण मग सॅम्पल शोधण्यातच संध्याकाळ जाते, हा धोका खरा आहे. एफएमवालं, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून आवाज बनवणारं, एलेक्ट्रॉन मॉडेल:सायकल्स मधला रस्ता आहे, ट्रॅक 6 च, आवाज मात्र कुणासारखेच नाहीत, धातूचे आणि टणटणीत.

पहिलंच मशीन असेल आणि 808-909 चा आवाज हवाच असेल तर रोलँडचं टीआर-6एस छोटं आहे, बॅटरीवर चालतं, 6 ट्रॅक आहेत, शिकायला भरपूर झालं. मोठं हवं तर टीआर-8एस, 11 ट्रॅक, प्रत्येकाला स्वतःचा फेडर, लाइव्हसाठी हे फार सोयीचं. फक्त 808 च, तेही ॲनालॉग, हवं असेल तर बेरिंजरचं आरडी-8. सॅम्पलमध्ये रमणाऱ्यांनी एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट बघावं, पण पहिला आठवडा मॅन्युअल मांडीवर घेऊन बसायची तयारी ठेवा. कॉर्ग व्होल्का बीट्स गंमत म्हणून छान आहे, स्नेअर फारच पिचपिचीत आहे, तो दुसरीकडून आणावा लागतो.

मागची बाजू कुणी बघत नाही आणि नंतर तिथेच अडकतं. सगळं एकाच आउटपुटमधून येत असेल तर किकला कॉम्प्रेसर लावायचा म्हटलं की हॅटलाही लागतो, रिव्हर्ब क्लॅपला द्यायचा तर किकही घुमायला लागते. ड्रमब्रूटला 12 वेगळी आउटपुट आहेत, टीआर-8एसला मेन सोडून 6. डिजिटॅक्टला मागे स्टिरिओ जोडीच आहे पण ओव्हरब्रिज या एलेक्ट्रॉनच्या सॉफ्टवेअरने यूएसबीवरून ट्रॅक वेगळे करून कॉम्प्युटरमध्ये येतात. घरी रेकॉर्ड करणार असाल तर यूएसबी चालून जातं, मिक्सरवर वाजवणार असाल तर खरे जॅक हवेत. यूएसबी आणि ऑडिओ केबल दोन्ही एकाच कॉम्प्युटर सेटअपला लावल्यावर कुईं-कुईं आवाज यायला लागला तर मशीन खराब नाही, ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वायरींच्या ग्राउंडमधून विजेचा फेरा झालाय, आधी यूएसबी काढून बघा, आवाज गेला तर क्लॉकसाठी, म्हणजे मशीन्सचा वेग जुळवायला, साधी मिडी केबल (वाद्यं एकमेकांना जोडायची केबल) वापरा.

सिंकचं, म्हणजे मशीन्स एका वेगात चालवायचं, पण असंच. मिडी क्लॉक एका बीटला 24 टिक पाठवतं, व्होल्काचा छोटा सिंक जॅक एका बीटला 2 पल्स, त्यामुळे दोन वेगळ्या पद्धतीची मशीन्स सिंक जॅकने जोडली की एक पळत सुटतं नाहीतर एक रांगत बसतं. सेटिंगमध्ये पल्स बदलता येतात का ते आधीच बघा. छोट्या जॅकचं मिडी असेल तर टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार असतात, चुकीचा कन्व्हर्टर लावला तर काहीच वाजत नाही आणि माणूस तासभर मशीनलाच शिव्या घालतो.

सेकंडहँड घेताना प्रत्येक स्टेप बटण दाबून बघा, एकदा दाबल्यावर दोनदा लागतंय का. प्रत्येक नॉब हळू फिरवा, खरखर आली तर आत धूळ आहे, ती साफ होते, पण फिरवताना व्हॅल्यू उड्या मारत असेल तर नॉबच बदलावा लागेल. जुनं मशीन असेल तर एक पॅटर्न सेव्ह करा, प्लग काढा, थोडा वेळ गप्पा मारा, परत लावा, पॅटर्न गायब असेल तर आतली मेमरीची बॅटरी गेलीये, त्यावर भाव पाडून घ्या. आणि अडाप्टर मशीनसोबतचाच मागा. दुसरा कुठला लावणार असाल तर व्होल्टेजबरोबर पोलॅरिटीही जुळवून बघा, पिन तीच असली तरी मधला टोक कुठे प्लस असतं, कुठे मायनस.