व्हिएतनाममध्ये घाट, गुहा आणि धबधबे: आपण हमखास करतो त्या चुका टाळा

गाडी भाड्यानं देणाऱ्या पोरानं माझं आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल लायसन्स उलटसुलट करून पाहिलं, ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला आणि किल्ली हातात ठेवली. प्रॉब्लेम शहराच्या वेशीवर उभा होता, फिक्या खाकी गणवेशात. दंड भरला, गाडी तिथंच राहिली आणि मी पाठीवर सॅक टाकून उन्हातून चालत परत आलो. वाटेत एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. निघण्याआधी मित्रांना मीच ऐकवलं होतं, ‘अरे, आपण ताम्हिणी नि वरंधा पावसात मारलेत, तिथं काय वेगळं असणार?’

वेगळं बरंच असतं. उत्तरेतल्या हा झांगच्या घाटात, मध्य भागातल्या फोंग न्याच्या गुहांत किंवा दक्षिणेकडच्या दा लातच्या धबधब्यांवर आपल्याकडच्या लोकांची जी फजिती मी पाहिली, ती अनुभव नसल्यामुळे फार क्वचित झाली. घरचा अनुभव तिथं जसाच्या तसा चालेल असं धरल्यामुळे मात्र हमखास झाली. (नकाशावर स्पेलिंग ‘गियांग’सारखं दिसतं, बसवाल्याशी बोलताना ‘हा झांग’ म्हणा, नाहीतर तो नुसता बघत राहतो.)

लायसन्स: ‘चालतं हो’ यावर विश्वास ठेवू नका

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचे करार दोन आहेत, १९४९चा जिनिव्हाचा आणि १९६८चा व्हिएन्नाचा. भारतात मिळतो तो परवाना १९४९च्या करारानुसार असतो. व्हिएतनाम मानतं १९६८चा. म्हणजे आपलं ते पुस्तक कितीही खरं असलं, तरी तिथं दुचाकी चालवताना तुम्ही विनापरवानाच असता. दुकानदाराला याच्याशी देणंघेणं नसतं, त्याची गाडी भाड्यानं गेल्याशी मतलब.

दंड ही त्यातली लहान गोष्ट. खरा घोळ प्रवास विम्यात आहे. बहुतेक पॉलिसींमध्ये दुचाकीचा अपघात भरपाईत बसायचा, तर चालवणाऱ्याकडे त्या देशात वैध असलेला परवाना हवा, अशी अट असते. पाय मोडला, हनोईच्या खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि कंपनीनं नेमका परवाना मागितला, तर काय दाखवणार? पॉलिसी घेताना ‘ॲडव्हेंचर स्पोर्ट्स’चं कलमही वाचा. दोरावरून धबधबा उतरणं, गुहेत उतरणं, मोटारसायकल या तीन गोष्टी त्यात आहेत की वगळल्यात, ते कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं ‘होईल सर’ कामाचं नाही.

५० सीसीखालच्या गाडीला तिथं परवाना लागत नाही, म्हणून कुणी ती सुचवेल. गावात फिरायला ठीक आहे. घाटात, मागे माणूस आणि वर सामान घेऊन तिचा जीव निघतो.

सरळ मार्ग म्हणजे ‘ईझी रायडर’. स्थानिक माणूस गाडी चालवतो, तुम्ही मागे बसता. आपल्या बुलेटवाल्या मंडळींना यात कमीपणा वाटतो, मलाही वाटला होता. पण दुसऱ्या खेपेला मागे बसून गेलो तेव्हा कळलं की पहिल्या वेळी मी गाडीचं चाक सोडून काही पाहिलंच नसतं. कुटुंब असेल तर जीपही मिळते.

हा झांगचा फेरा: घाई आणि उजवी बाजू

हनोई ते हा झांग सुमारे ३०० किलोमीटर. रात्रीची झोपायची बस पहाटे तीन-चारला उतरवते, आणि बरेच जण तोंड धुऊन सहा-सात वाजता फेऱ्याला निघतात. ही पहिली चूक. त्या बसमधली झोप ही झोप नसते. एक सकाळ तिथं काढा.

दुसरी चूक दिवस कापण्याची. क्वान बा, येन मिन्ह, दोंग वान, मेओ वाक असा हा फेरा साधारण ३५० किलोमीटरचा. आपण म्हणतो, पुणे-गोव्यापेक्षा कमीच, दोन दिवसांत उरकू. मग तिसऱ्या दिवसाचे घाट दुसऱ्या संध्याकाळी, धुक्यात आणि अंधारात येतात. किमान तीन दिवस द्या, चार असतील तर उत्तम.

दोंग वान आणि मेओ वाकच्या मधला माँ पी लेंग घाट तर घाईनं ओलांडायचाच नाही. हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात हातांनी खोदला गेला. माँ पी लेंगच्या कड्यात वाट कोरायला तरुण मुलं दोरांवर लटकून अकरा महिने काम करत होती. रस्त्याचं नाव ‘हान्ह फुक’, म्हणजे सुख. खाली न्हो क्वे नदी हिरव्या दोऱ्यासारखी दिसते. तिथं बोटीनं जायचं असेल, तर धक्क्यापर्यंतचा उतार अरुंद आणि फार तीव्र आहे. वर गाडी लावा आणि स्थानिक मोटारसायकलवाल्याला पैसे देऊन उतरा. माझ्यासमोर एका धडधाकट गृहस्थानं स्वतःची गाडी नेली, आणि ती वर आणायला तीन माणसं लागली.

वैध परवाना असलेले आपले लोकही आहेत, परदेशात राहणारे बरेच. त्यांच्यासाठी चार गोष्टी. वाहतूक उजवीकडून चालते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि गर्दीत ते पाळलंही जातं. घात होतो तो चहा पिऊन रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना, कारण हात आपोआप डावी बाजू धरतो. हँडलवर ‘उजवीकडे’ असं चिकटपट्टीवर लिहून लावा, लोक हसले तरी. वळणावर आपण सवयीनं ज्या बाजूला सरकतो, ती समोरून येणाऱ्या ट्रकची असते.

गाडी बहुधा सेमी-ऑटोमॅटिक मिळेल. क्लच नसतो आणि गिअर स्प्लेंडरसारखे पुढे दाबून वर चढतात. बुलेटच्या सवयीचा माणूस खालचा गिअर टाकायला पाय दाबतो आणि वरचा पडतो, तोही उतारावर. शहरातच अर्धा तास सराव करा. पूर्ण ऑटोमॅटिक स्कूटर सोपी वाटते, पण लांब उतारावर तिचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास आला, तर हळूहळू कडेला घेऊन वीस मिनिटं थांबा. पाणी ओतून थंड करू नका.

रेनकोट शर्ट-पँटचा घ्या. झग्यासारखा पाँचो आणि ओढणी, दोन्ही चाकात जातात. गाडीवरून उतरताना डावीकडून उतरा. उजव्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसलेले पर्यटक तिथं गल्लोगल्ली दिसतात. बसलाच, तर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद काही नको.

रात्री होमस्टेत मक्याची दारू येते आणि ‘मोत्, हाय, बा, झो!’ (एक, दोन, तीन, चिअर्स!) करत पेले रिकामे होतात. मजा असते, पण व्हिएतनाममध्ये गाडी चालवणाऱ्याच्या शरीरात दारूचं प्रमाण शून्य हवं. १ जानेवारी २०२० पासून हा नियम आहे, आणि आदल्या रात्रीची दारू सकाळच्या तपासणीत निघू शकते. तुमच्या रायडरला आग्रह करू नका. तो पाहुण्याचा मान राखायला पिईल, आणि सकाळी तुम्ही त्याच्याच मागे बसणार आहात.

दिवाळीची सुट्टी आणि चुकीचं टोक

ही आपली खास मराठी चूक, कारण आपल्या सहली दिवाळी आणि मे महिना यांच्या खुंट्यांना बांधलेल्या. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण इतका लांब आहे की सगळीकडे एकच ऋतू नसतो. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे दा नांग, होई अन, ह्युए, फोंग न्या या पट्ट्यात, खरा पाऊस सुरू झालेला असतो. २०२५च्या ऑक्टोबरअखेर ह्युए आणि होई अनच्या गल्ल्यांतून होड्या चालत होत्या. तरीही ‘दिवाळी स्पेशल’च्या जाहिरातीत होई अनचे कंदील झळकतातच.

दिवाळीत जायचं असेल, तर उत्तर गाठा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा झांगच्या पठारावर बकव्हीटचा, म्हणजे कुट्टूचा, गुलाबी फुलोरा असतो आणि हवा कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत तिथं बोचरी थंडी पडते, हातमोज्यांशिवाय गाडीवर बसवत नाही. मे महिन्यात मात्र मध्य भाग उघडा असतो, तेव्हा गुहांचा बेत करा. जुलै ते सप्टेंबर उत्तरेत दरडी कोसळतात. सप्टेंबर २०२४मध्ये यागी वादळानंतर लाओ काई प्रांतात एक अख्खं गाव दरडीखाली गेलं.

समुद्रावरही तेच. जुलै २०२५मध्ये हा लाँगच्या खाडीत अचानक आलेल्या वावटळीत पर्यटकांची बोट उलटून तिसाहून जास्त माणसं गेली. ढग भरून आले, तर कयाकिंगचे पैसे बुडाले म्हणायचं आणि बसून राहायचं. बोटीत चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठे आहे ते पाहा. आपल्याकडे ते बाकाखाली कोंबलेलं असतं, तिथंही कधी कधी तसंच सापडतं.

गुहा: सह्याद्रीतला ट्रेकर इथं कुठे अडतो

फोंग न्याच्या परिसरातली सोन डूंग ही जगातली सर्वांत मोठी गुहा मानली जाते. स्थानिक रहिवासी हो खान यांना तिचं तोंड १९९०च्या सुमारास सापडलं, आणि २००९मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तिची मोजणी केली. तिथं एकाच कंपनीला परवानगी आहे, वर्षाला सुमारे हजार माणसं, चार दिवस-तीन रात्री, खर्च माणशी ३००० डॉलरच्या घरात. त्यामुळे ‘तिथं जाऊन बघू’ हे जमत नाही. आणि पावसाळ्यात, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, गुहा बंद. खिसा आणि सुट्टी बेताची असेल तर हांग एन गुहा दोन दिवसांत होते. आत नदीकाठच्या वाळूवर तंबू टाकून झोपायचं, वर छप्पर इतकं उंच की पाकोळ्या नुसत्या ठिपक्यासारख्या दिसतात.

चूक होते ती बुटांची. आपण महागडे वॉटरप्रूफ बूट नेतो. तिथं ओढे इतके वेळा ओलांडावे लागतात की पाणी वरून आत शिरतं आणि वॉटरप्रूफ असल्यामुळेच बाहेर पडत नाही. जाळीचे, पाणी झिरपून जाणारे आणि तळाला पकड असलेले बूट हवेत. बूट कोरडे ठेवायच्या नादात दगडावरून उड्या मारू नका, सरळ पाण्यातून चाला. लांब पँट घाला, जळवा आहेत.

नोंदणीच्या फॉर्मवर ट्रेकचा अनुभव विचारतात. तिथं ‘राजगड-तोरणा’ लिहायला हरकत नाही, पण तो पंधरा वर्षांपूर्वी केला असेल तर तेही लिहा. गुडघा दुसऱ्या दिवशी बोललाच, तर आत उचलून न्यायला गाडी येत नाही.

आणि वाट सोडू नका. सह्याद्रीत आपण झाडीत शिरून शॉर्टकट काढतो. फोंग न्याच्या परिसरावर युद्धात प्रचंड बॉम्बफेक झाली. न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. हा झांगच्या सीमेलगत चीनबरोबरच्या लढाईतले भूसुरुंगही उरलेत. लघवीलासुद्धा मळलेल्या वाटेच्या काठालाच थांबा.

दा लातच्या धबधब्यांवर दोराने उतरणं चालतं. तिथल्याच दतान्ला धबधब्यात २०१६ साली तीन ब्रिटिश पर्यटकांचा जीव गेला. रस्त्यावर कुणी ‘निम्म्या पैशात नेतो’ म्हणाला, तर नको म्हणा. उतरण्याआधी दोन दोर आहेत का पाहा, एक उतरायचा आणि एक सुरक्षेचा. कोरड्या कड्यावर सराव करून न घेता थेट पाण्यात सोडत असतील, तर पैसे सोडून द्या.

किरकोळ वाटतात, पण रडवतात

ई-व्हिसाचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. पासपोर्टवर आपल्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं आणि अर्जात ते गळतं. मग विमानतळावर नाव जुळत नाही. चूक दिसली तर वाद न घालता नवा अर्ज करा. एकेरी प्रवेशाचे २५ डॉलर पुन्हा जातील, विमान चुकणार नाही.

नोटा नीट पाहून द्या. २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत, आणि अंधारात सरबताच्या गाड्यावर मी मोठी दिली होती. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग धरा, म्हणजे किती गेले ते कळेल. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

शाकाहारी असाल तर ‘तोय आन चाय’ म्हणा. ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. प्यायचा चहा हवा असेल तर उत्तरेत ‘चा’. मी एकदा उलटं करून बसलो आणि समोर टोफूची थाळी आली. बौद्ध पद्धतीच्या ‘चाय’ खाणावळींत परंपरेनं कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीचशी सोय होते. साध्या हॉटेलात मात्र भाजीतही माशाचं पाणी, म्हणजे ‘न्युक माम’ पडतं. ‘खोंग न्युक माम’ असं फोनवर लिहून दाखवा.

गाडी घेताना अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नका, रोख द्या. आणि दुकानदारासमोरच गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढा. मी गाडी परत करताना त्यानं माझ्याकडे एका जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले होते. व्हिडिओ दाखवल्यावर तो ओरखडा एकदम जुना झाला.

पडलातच, तर रुग्णवाहिकेचा क्रमांक ११५, पोलिसांचा ११३. घाटात रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, म्हणून आदल्या होमस्टेच्या मालकिणीचा नंबर वहीत लिहून ठेवा. तिथली पोरं गाडी घेऊन आधी पोचतात.