लघु जलविद्युत प्रकल्पाची जागा पाहताना या चुका टाळा

ऑगस्टमध्ये कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात फिरलं की प्रत्येक ओढ्यावर वीज दिसायला लागते. बहुतेक चुकीचे अंदाज तिथेच सुरू होतात. 40 मीटर उंचीवरून सेकंदाला 500 लिटर पाणी येत असेल आणि यंत्रणेची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) × 0.5 (घनमीटर पाणी) × 40 × 0.7, म्हणजे सुमारे 137 किलोवॅट मिळतात. एप्रिलमध्ये तोच ओढा 20 लिटरवर आला, तर हिशेब साडेपाच किलोवॅटवर येतो. एवढ्यावर शेतातली साडेसात एचपीची मोटारसुद्धा नीट चालणार नाही, आणि मोठ्या प्रवाहासाठी निवडलेलं टर्बाइन तर फिरणारच नाही.

वार्षिक सरासरी काढून हा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. बाकीच्या आठ महिन्यांची टंचाई सरासरीत लपून जाते. जून ते मे असं पूर्ण जलवर्ष प्रवाह मोजा आणि किती दिवस किमान किती पाणी असतं, याचा आलेख काढा. एक वर्ष पुरेसं नाहीच, म्हणून जवळच्या सरिता मापन केंद्राच्या (नदीचा प्रवाह मोजणाऱ्या ठिकाणाच्या) जुन्या नोंदींशी ताडून बघा.

मात्र त्या नोंदी नुसत्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आपल्या ओढ्याला लावू नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आलात तर हजारही होत नाही. खोरं एकच आहे, तरी चौरस किलोमीटरमागे मिळणाऱ्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तरंगता लाकडी तुकडा सोडून वेग मोजला आणि आकडा फुगलेला वाटला, तर तो पृष्ठभागाचा वेग आहे हे लक्षात घ्या. त्याला साधारण 0.85 ने गुणा. उथळ, खडकाळ पात्रात आणखी कमी धरा.

उंचीचीही अशीच फसगत होते. उपग्रहाच्या नकाशावरून काढलेली उंची डोंगराळ भागात कित्येक मीटरनी चुकू शकते, त्यामुळे लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं सर्वेक्षणाचं यंत्र) लावून मोजणी करायलाच हवी. शिवाय वरच्या उदाहरणात 300 मीटर लांबीचा 400 मिमी व्यासाचा पाइप टाकला, तर 40 पैकी सुमारे 9 मीटर नुसत्या घर्षणात जातात; 600 मिमीचा घेतला तर मीटरभरच.

धरणाच्या पायथ्याशी जागा बघत असाल तर भरलेला जलाशय पाहून भुलू नका. भाटघर, पानशेतसारख्या ठिकाणी पाणी सुटतं ते मुख्यतः सिंचनाच्या आवर्तनाप्रमाणे, आणि पातळी उतरेल तशी उंचीही घटते.

ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, ती म्हणजे बंधारा आणि वीजघर यांमधला नदीचा तुकडा. पाणी पाइपात वळवलं की तो कोरडा पडतो. तिथे कुणाची नळपाणी योजना, पाट, गुरांचं पाणी आहे का, हे उन्हाळ्यात पायी फिरून, गावात बसून विचारा. तेवढं पाणी आधी वजा करा आणि मगच किलोवॅट मोजायला घ्या.