पहिली सायकल: आधी माप बघा, गिअर नंतर

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सकाळी फिरायचं किंवा घरापासून स्टेशन गाठायचं असेल, तर पुढे शॉकअप असलेली जाड टायरची सायकल घेऊ नका. स्वस्तातला शॉकअप नुसतं वजन वाढवतो आणि ठाण्यातल्या येऊरचा चढ उभं राहून मारताना पायातला जोर त्यातच जिरतो. साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि ३२ ते ४० मिमी टायरची हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि जाड टायरची यांच्या मधली सायकल, भरपूर झाली.

दुकानात दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दांडी आणि जांघेत किमान दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा: पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलला जातो.

ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. आधी हातानेच तीन-चार फेरे द्या, मगच पाना लावा. जबरदस्ती केलीत तर आटे जातात आणि क्रँकच (पेडल ज्यात बसतं तो दांडा) बदलावा लागतो.

हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि प्रेशर दाखवणारा पंप यांचे पैसे आधीच बाजूला काढा. खाडीच्या खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते. भिजली की पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका आणि जादाचं तेल फडक्याने टिपून घ्या.